गुप्त गिऱ्हाईक : तोही कामगारच

गेल्या काही वर्षांत आपल्या मोठ्या शहरांतून एक नवा रोजगार वाढीस लागला आहे. त्याला गणवेश नाही, हजेरीपट नाही, ओळखपत्र तर मुळीच नाही. कारण ओळख पटली की काम संपले. इंग्रजीत या कामाला ‘मिस्टरी शॉपर’ म्हणतात, आपल्याकडच्या कंपन्या ‘मिस्टरी ऑडिट’ असा भारदस्त शब्द योजतात. सरळ मराठीत सांगायचे तर गुप्त गिऱ्हाईक. मोटारींचे शोरूम, बँक, मोबाईलचे दुकान, पेट्रोल पंप, पिझ्झा-बर्गरची हॉटेले, कपड्यांची मोठमोठी दालने अशा ठिकाणी साध्या ग्राहकासारखे जायचे, काहीतरी विकत घ्यायचे किंवा नुसती चौकशी करायची, काउंटरवरचा माणूस कसा वागला, हसला की नाही, किती मिनिटांत दखल घेतली हे सारे डोक्यात साठवायचे आणि घरी येऊन त्याचा लेखी अहवाल पाठवायचा. अहवाल कंपनीकडे जातो. काउंटरवरच्या माणसाला गुण मिळतात. त्या गुणांवर त्याचा बोनस आणि कधी कधी त्याची नोकरीही अवलंबून असते.

रेल्वे व टपाल कामगारांच्या पत्रात ही उठाठेव कशासाठी, असे काही वाचक विचारतील. हे काम करणाऱ्यांत कॉलेजात शिकणारी मुले असतात, घर सांभाळून चार पैसे मिळवू पाहणाऱ्या गृहिणी असतात, निवृत्त मंडळी असतात. म्हणजे आपल्याच घरातली माणसे. पण एवढेच कारण नाही. गुप्त गिऱ्हाइकाची सर्वांत जुनी झळ ज्यांनी सोसली, ते कामगार रेल्वेचे आणि टपालाचेच होते. तो इतिहास पुढे येईलच. आधी या कामाचे स्वरूप पाहू.

एजन्सीच्या ॲपवर, ई-मेलवर किंवा व्हॉट्सॲपवर ‘भेटी’ जाहीर होतात. भेट पदरात पडली की दहा-पंधरा पानांचे सूचनापत्र येते. ते वाचून भागत नाही. पुष्कळ एजन्सी त्यावर छोटी परीक्षाही घेतात. या वाचनाचे आणि परीक्षेचे पैसे नसतात. सूचना साधारण अशा: संध्याकाळी सहा ते नऊच्या दरम्यानच जायचे, आत किमान वीस मिनिटे थांबायचे, किती काउंटर उघडे होते, रांगेत किती माणसे होती, रांगेत उभे राहिल्यापासून पहिला शब्द कानी पडेपर्यंत किती वेळ गेला, समोरच्याच्या नावपट्टीवरचे नाव, चष्मा, केस, उंची, ‘आणखी काही हवे का?’ असे त्याने विचारले की नाही. स्वच्छतागृहात साबण होता का. हे सगळे वही न काढता, घड्याळाकडे टक न लावता टिपायचे. मग बाहेर पडून जिन्यात नाहीतर रिक्षात बसून विसरायच्या आत मोबाईलवर उतरवून काढायचे. नावपट्टी लावलेलीच नसेल तर नाव विचारायचे, पण संशय येऊ द्यायचा नाही. आपल्या बुकिंग खिडकीवर येऊन कोणी उगाचच ‘साहेब, आपले नाव काय?’ असे विचारले तर आपण काय समजू? तोही तेच समजतो.

खरा जाच घरी आल्यावर सुरू होतो. बारा नाहीतर चोवीस तासांच्या आत अहवाल गेला पाहिजे. पन्नास-साठ प्रश्न, प्रत्येक ‘नाही’ला कारण, शेवटी घडल्या प्रकाराचे सविस्तर वर्णन. त्यावर एजन्सीच्या तपासनिसाचे उलट प्रश्न येतात. ‘सौजन्याने बोलला’ म्हणजे नेमके कोणते शब्द बोलला? तुम्ही एका ठिकाणी सात मिनिटे लिहिलीत, दुसऱ्या ठिकाणी आठ, खरे कोणते? बिलाचा फोटो पुसट आहे, पुन्हा पाठवा. बिलावरची वेळ नऊ वाजून चार मिनिटे आहे, तेव्हा भेट बाद. दुकान दुरुस्तीसाठी बंद निघाले, तरी भेट बाद. आणि बाद म्हणजे मजुरी तर गेलीच, शिवाय खिशातून केलेली खरेदीही अंगावर. काम मान्य झालेच तर पैसे येतात महिन्या-दोन महिन्यांनी, तोवर खरेदीची रक्कम याच्याच खिशातून गेलेली. कंपनी कोट्यवधींची उलाढाल करणारी, तिच्या तपासणीसाठी भांडवल गुंतवायचे कुणी, तर बारावी झालेल्या पोराने!

हिशेब मांडून पाहू. आकडे नमुन्यादाखल घेतले आहेत, वाचकांनी आपल्या शहराप्रमाणे बदलून घ्यावेत. समजा, एका भेटीचे ३०० रुपये ठरले. सूचना व परीक्षा अर्धा तास, जाणे-येणे दीड तास, दुकानात अर्धा तास, अहवाल आणि शंकानिरसन दीड तास. एकूण चार तास. बस-रिक्षाचे ८० रुपये स्वतःचे. हाती उरले २२०, म्हणजे तासाला ५५ रुपये. चार भेटींतली एक बाद झाली तर हाच दर ३६ रुपयांवर येतो. आणि त्या बाद भेटीतली २०० रुपयांची खरेदीही बुडाली तर तासाला २४ रुपयेसुद्धा पडत नाहीत. वर एकाच दुकानात पुन्हा तीन-सहा महिने जायचे नाही, कारण चेहरा ओळखू येईल. म्हणून जवळची दुकाने संपली की भेटी लांब लांबच्या मिळतात आणि भाडे वाढत जाते. मुंबईच्या गिरणीतला बदली कामगार रोज सकाळी दारावर उभा राहायचा आणि काम नसले की परत फिरायचा. त्या पद्धतीला आपण शिव्या दिल्या, आणि योग्यच दिल्या. पण त्याने दिवस भरला तर त्या दिवसाची मजुरी त्याच्या नावावर लागत असे. नंतर कुणी येऊन ‘तुझे सूत आम्हांला पसंत नाही, सबब आजचा दिवस बाद, आणि डबाही तुझ्याच खर्चाचा’ असे म्हणत नव्हते.

पैशाखेरीज आणखी एक त्रास आहे, तो कुठल्याच हिशेबात धरला जात नाही. मोटारीच्या शोरूमची भेट घ्या. गिऱ्हाईक म्हणून जायचे, गाडी चालवून बघायची, कर्जाचा हप्ता काढून घ्यायचा, मोबाईल नंबर द्यायचा. समोरचा सेल्समन बिचारा मनापासून दोन तास घालवतो. त्याच्या वहीत ही ‘हॉट एन्क्वायरी’ म्हणून चढते. दुसऱ्या दिवसापासून त्याचे फोन सुरू होतात: ‘सर, काय ठरले? सर, या महिन्यात सूट आहे. सर, महिनाअखेर आहे, जरा बघा ना.’ गुप्त गिऱ्हाइकाला खरे सांगता येत नाही, कारण त्याने गुप्ततेच्या कागदावर सही केलेली असते. दोघेही कमिशनवर, भेटीवर, तुकड्यावर जगणारे. एक दुसऱ्याला खोटी आशा दाखवतो आणि त्याबद्दल तिसऱ्याच कुणाकडून तीनशे रुपये घेतो.

त्यापुढची पायरी अधिक अवघड. दहा तास उभा राहिलेला मुलगा रात्री पावणेनऊला हसला नाही. प्रश्नावलीत रकाना आहे: ‘कर्मचाऱ्याने स्मितहास्याने स्वागत केले का?’ उत्तर ‘नाही’. खाली त्याचे नाव. तो सकाळपासून उभा होता, जेवणाची सुट्टी त्याला मिळाली नव्हती, शेजारचे दोन काउंटर माणसांअभावी बंद होते, हे लिहायला रकानाच नाही. दयेपोटी ‘होय’ लिहावे, तर काही कंपन्या ध्वनिमुद्रण मागतात किंवा दुकानातल्या कॅमेऱ्याशी अहवाल ताडून पाहतात. खोटे पकडले गेले की पुढच्या भेटी बंद. खरे लिहावे, तर एका गरिबाच्या पोटावर पाय. हे काम करणाऱ्या माणसाला रात्री या गोष्टीची टोचणी लागत असेल, तर ती त्याच्या मनाचा कमकुवतपणा नव्हे.

आणि हे तो बोलणार कुणाजवळ? या धंद्याची सर्वांत हुशार योजना इथे आहे. गिरणीत खाते असते, शेडमध्ये गँग असते, आर.एम.एस.च्या डब्यात सॉर्टर शेजारी शेजारी उभे असत. दुःख एकाचे असले तरी ऐकणारे चार असत, आणि त्या चारांतूनच युनियन उभी राहिली. गुप्त गिऱ्हाइकाला सहकारी माहीतच नसतो. त्याच शहरात त्याच एजन्सीचे काम करणारी दुसरी शंभर माणसे असतील, पण बसमध्ये शेजारी बसली तरी एकमेकांना ओळखणार नाहीत. दर कुणी ठरवला, भेट बाद कुणी केली, दाद कुठे मागायची, सगळे एका न दिसणाऱ्या ‘सपोर्ट टीम’कडे. बहुधा मूळ कंपनीने एका एजन्सीला काम दिलेले, तिने दुसरीला, दुसरीने तिसरीला. मधल्या प्रत्येकाने आपला घास काढून घेतलेला. रेल्वेतल्या साफसफाईच्या पोटकंत्राटांची साखळी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही चाल ओळखीची वाटेल.

याच अंधाराचा फायदा भामटेही घेतात. अमेरिकेत ‘तुमची गुप्त ग्राहक म्हणून निवड झाली’ असे पत्र येते, सोबत चेक किंवा टपालाची मनीऑर्डर असते. ती बँकेत भरा, त्यातून थोडी मजुरी ठेवा, बाकीची रक्कम अमुक ठिकाणी पाठवून ‘सेवेची तपासणी’ करा, असे सांगितले जाते. काही दिवसांनी चेक खोटा निघतो आणि पाठवलेले पैसे गेलेले असतात. तिथल्या टपाल तपास यंत्रणेला याविरुद्ध लोकांना वारंवार सावध करावे लागले आहे. आपल्याकडे हीच जात टेलिग्राम-व्हॉट्सॲपवर ‘हॉटेलला रेटिंग द्या, पैसे कमवा’ अशा रूपाने फिरते. आधी शे-दोनशे खरोखर मिळतात, मग ‘मोठ्या कामासाठी अनामत भरा’. ज्या कामात आधी आपल्यालाच पैसे भरावे लागतात ते काम नव्हे. घरातल्या कुणी भरलेच असतील तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या सायबर क्रमांकावर फोन करावा. पहिल्या काही तासांत रक्कम अडवता येण्याची शक्यता असते. पोस्टाच्या खिडकीवर बसणाऱ्या आपल्या सभासदांनीही एखादे घाबरलेले गिऱ्हाईक फोन कानाला लावून घाईने पैसे पाठवू लागले, तर दोन शब्द विचारावेत. हे कोणत्याही मॅन्युअलमध्ये नसेल, पण एखाद्याची जन्माची कमाई वाचेल.

आता इतिहासाकडे. ‘मिस्टरी शॉपिंग’ हा शब्द अमेरिकेत १९४० च्या दशकात रूढ झाला असे सांगतात, पण प्रकार त्याहून बराच जुना आहे. ॲलन पिंकर्टन नावाचा एक पिंपे बनवणारा कारागीर १८४२ साली स्कॉटलंडहून अमेरिकेला गेला. तरुणपणी तो चार्टिस्ट चळवळीत होता, म्हणजे कामगारांच्या हक्कांच्याच बाजूचा! पुढे शिकागोत त्याने खाजगी गुप्तहेरांची कचेरी काढली. त्याची सुरुवातीची कामे कोणती, तर टपाल आणि रेल्वे. टपाल खात्यासाठी त्याने वेष पालटून टपाल कचेरीत काम केले व पत्रांतले पैसे काढणाऱ्याला पकडून दिले. १८५५ च्या सुमारास मध्य-पश्चिमेतल्या रेल्वे कंपन्यांनी त्याच्याशी करार केला. त्या काळी पुष्कळ प्रवासी गाडीतच कंडक्टरला रोख भाडे देत. पिंकर्टनची माणसे प्रवासी बनून गाडीत बसत, कंडक्टरने किती भाडे घेतले आणि किती जमा केले याची टिपणे ठेवत. त्यांना ‘स्पॉटर’ म्हणत. कंडक्टरांना तुरुंगवास घडू लागला आणि गाडीतल्या प्रत्येक अनोळखी चेहऱ्याकडे संशयाने पाहणे हा त्यांच्या नोकरीचा भाग झाला.

चोरी करणाऱ्याची बाजू आम्ही घेत नाही. सार्वजनिक पैसा खाणारा कामगार आपल्या सर्वांच्या तोंडाला काळे फासतो, हे या पत्राने अनेकदा लिहिले आहे. परंतु स्पॉटरांची ही कचेरी पुढे कुठे पोहोचली ते पाहा. जी माणसे भाड्याचा हिशेब ठेवायला गाडीत बसली, त्यांच्याच कचेरीने युनियनच्या सभांतून खबरे पेरले. आणि १८९२ साली पेनसिल्व्हानियातील होमस्टेड येथे कार्नेगींच्या पोलाद कारखान्याच्या टाळेबंदीत सुमारे ३०० पिंकर्टन शिपाई कामगारांवर चालून गेले, दोन्हीकडची माणसे मेली. तपासणी आणि हेरगिरी यांच्यातली रेघ मालकाच्या मर्जीवर सोडली की ती कुठे सरकते, याचा हा दाखला.

आपल्या रेल्वेत या पाहुण्याचे नाव ‘डिकॉय’. दक्षता विभागाचा माणूस प्रवासी बनून येतो, नंबर टिपून ठेवलेल्या नोटा देतो, बुकिंग क्लार्कने किंवा टी.टी.ई.ने जादा घेतले का ते पाहतो. या छाप्यांसाठी रेल्वेच्या व्हिजिलन्स मॅन्युअलात नियम होते. व्यवहार पाहणारे व ऐकणारे स्वतंत्र साक्षीदार असावेत, शक्यतो राजपत्रित अधिकारी असावेत, नोटांची यादी आधी करावी वगैरे. छाप्यात हे नियम पाळलेच नाहीत तर काय? या प्रश्नाला सर्वोच्च न्यायालयाने दोनदा उत्तर दिले आणि दोन्ही उत्तरे प्रत्येक शाखा सचिवाला माहीत असली पाहिजेत. २००७ साली दक्षिण मध्य रेल्वेच्या प्रकरणात न्यायालयाने म्हटले की, मॅन्युअल हे प्रशासकीय मार्गदर्शन आहे, कायदा नव्हे. केवळ ते मोडले म्हणून खातेनिहाय चौकशी रद्द होत नाही. निकाल कामगारांच्या विरुद्ध गेला. २००८ साली एका बुकिंग पर्यवेक्षकाच्या प्रकरणात मात्र, त्या वेळच्या मॅन्युअलमधील परिच्छेद ७०४ व ७०५ यांचा विचार करून, न्यायालयाने सांगितले की हे नियम कर्मचारी खोटेपणाने गोवला जाऊ नये म्हणून आहेत. एखादा नियम मोडल्याने कदाचित काही बिघडणार नाही, पण नियम सरसकट धाब्यावर बसवले असतील तर इतर पुराव्यांबरोबर तेही तोलले पाहिजे. कर्मचाऱ्याला न्याय मिळाला.

दोन्ही निकाल एकत्र वाचले तर आपल्या बचावाची दिशा कळते. ‘मॅन्युअल मोडले’ एवढीच ओरड करून बसलो तर २००७ चा निकाल आपल्या डोक्यावर आदळतो. साक्षीदार कोण होता, तो खरोखर स्वतंत्र होता की पथकातलाच, त्याला खिडकीच्या काचेपलीकडचे बोलणे ऐकू येत होते का, नोटांची यादी केव्हा झाली, त्या दिवशीच्या गल्ल्यात एकूण फरक किती, सुट्ट्या पैशांचा प्रश्न होता का, अशी एकेक वीट उलटतपासणीत हलवली, तर २००८ चा निकाल उपयोगी पडतो.

टपालाकडे वळू. ‘ट्रायल कार्ड’ आणि ‘टेस्ट लेटर’ जुन्या पोस्टमनांना नवीन नाहीत. पेटी वेळेवर उघडली का, पत्र बीटवर केव्हा पोहोचले, हे पाहण्याचा तो जुना मार्ग. युरोपातील टपाल संस्थांनी १९९४ पासून ‘युनेक्स’ नावाची मोजणी सुरू केली. त्यात ठरवलेले लोक चाचणीची पत्रे टाकतात, पत्रात एक छोटे यंत्र असते आणि ते टपाल केंद्राच्या दारातून गेले की नोंद होते. या पत्राबद्दल आम्हांला तक्रार नाही. ते विचारते की टपाल कुठे अडकले. विमानात अडकले, सॉर्टिंगला अडकले की पोहोचल्यावर; त्या उत्तरातून माणसे कमी पडतात हेही बाहेर येऊ शकते. ते पत्र कुणाच्या हसण्याला गुण देत नाही. अमेरिकेच्या टपाल खात्यात मात्र अनेक वर्षे ‘मिस्टरी शॉपर’ याच नावाचा कार्यक्रम होता. खिडकीवरच्या कारकुनाने पार्सलात धोकादायक वस्तू आहे का हे विचारले का, अधिक महागडी जलद सेवा सुचवली का, तिकिटे हवीत का विचारले का, याची तपासणी गुप्त गिऱ्हाईक करी. पहिला प्रश्न विमानाच्या सुरक्षिततेचा आहे, तो विचारलाच पाहिजे. पण मागे वीस माणसांची रांग असताना प्रत्येक म्हातारीला महागडी सेवा सुचवायची, आणि नाही सुचवली तर गुण कापायचे, आणि तीच रांग लांबली म्हणून पुन्हा गुण कापायचे, याला काय म्हणावे?

अहवालात ‘रांग लांब होती’ याला जागा असते. चारपैकी तीन खिडक्या का बंद होत्या, हा प्रश्न छापलेला नसतो. रिक्त जागा किती, प्रिंटर किती दिवस नादुरुस्त, नेटवर्क दिवसातून किती वेळा गेले, खिडकीतल्या बाईला पाणी प्यायला उठता आले का, याची पाहणी करायला कुठलेही गुप्त गिऱ्हाईक विभागीय अधीक्षकाच्या कचेरीत जात नाही.

आणि कागदावर एकदा आकडा उमटला की तो देववाणी ठरतो, हा धोका वेगळाच. ब्रिटनच्या टपाल संस्थेने १९९९ ते २०१५ या काळात ‘होरायझन’ नावाच्या संगणक प्रणालीच्या आकड्यांवर विसंबून शेकडो उप-पोस्टमास्तरांना चोर ठरवले. ७०० हून अधिक जणांवर तर संस्थेनेच खटले भरले. प्रणालीच सदोष होती. २०२४ साली तिथल्या संसदेला खास कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. तोवर काहींचे संसार मोडले होते, काही हे जग सोडून गेले होते. गुप्त गिऱ्हाइकाचा अहवाल हा तर संगणकाचाही आकडा नव्हे. घाईत, थकलेल्या डोक्याने, मजुरी बाद होण्याच्या धाकाने लिहिलेली एका माणसाची आठवण आहे ती.

मग ही पद्धत सरसकट वाईटच काय? आमचे मत तसे नाही. आपल्याच देशात संशोधकांनी आयुर्विमा एजंटांकडे गुप्त गिऱ्हाइके पाठवून अभ्यास केला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. ग्राहकाच्या हिताची स्वस्त मुदत विमा योजना बाजूला ठेवून एजंट बहुतेक वेळा जास्त कमिशनची योजनाच गळ्यात मारतात, असे त्यातून निघाले. तिथे तपासणीचा रोख एकट्यादुकट्या एजंटावर नव्हता. कमिशनची रचनाच माणसाला कशी वाकवते, हे त्यातून दिसले. गुप्त गिऱ्हाईक वरच्या मजल्याकडे बोट दाखवू शकते, पण त्याला तसे सांगणारा मालक हवा, आणि मालकाला स्वतःविरुद्धचा अहवाल विकत घेण्याची हौस नसते.

गुप्त गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या हक्कांचे काय, हा प्रश्न राहतोच. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० साली संमत झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. पारंपरिक मालक-नोकर संबंधाबाहेर काम करून कमावणारा तो ‘गिग कामगार’, अशी तिची व्याख्या आहे. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाने २०२०-२१ मध्ये असे ७७ लाख कामगार असल्याचा अंदाज दिला होता. डोळ्यांसमोर येतात ते जेवण पोहोचवणारे आणि टॅक्सीवाले, कारण ते रस्त्यावर दिसतात. गुप्त गिऱ्हाईक न दिसणे हेच ज्याचे काम, त्याची गणना कोण करणार? ॲपवरून भेटी वाटणारी एजन्सी या संहितेच्या कक्षेत येत नाही असा युक्तिवाद उद्या केला जाईल; आमच्या मते ती आली पाहिजे, आणि महासंघाने तसे निवेदन द्यावे. शिवाय संहितेत सुरक्षा निधी आहे, मजुरीचा दर नाही. केलेले काम बाद करताना लेखी कारण, खरेदीचे पैसे कोणत्याही परिस्थितीत परत, आणि प्रवासखर्च वेगळा, या तीन साध्या गोष्टींसाठी कायद्यात आज काहीही नाही.

तोवर घरातले कुणी हे काम करीत असेल त्याला एवढे सांगा: सूचनापत्र, भेट मंजूर झाल्याचा संदेश आणि बिल यांचे फोटो स्वतःजवळ ठेवावेत, एका वेळी एकाच एजन्सीचे फार पैसे थकू देऊ नयेत, आणि खरेदीची मर्यादा लेखी ठरल्याशिवाय खिशात हात घालू नये. अहवालात वर्णनासाठी जागा असते. तिथे ‘चारपैकी एकच काउंटर चालू होता’ हे वाक्य लिहायला कुणी बंदी केलेली नाही. खिडकीतल्या माणसाला त्याची फार मदत होते.

आणि खिडकीच्या आतल्या आपल्या सभासदांसाठी. डिकॉय तपासणीवर किंवा कोणत्याही गुप्त अहवालावर आधारलेले एस.एफ. ५ किंवा नियम १४ खालचे आरोपपत्र हाती आले, तर भावनेच्या भरात त्याच दिवशी कबुलीवजा खुलासा लिहून देऊ नये. आधी आधारभूत कागदपत्रांच्या प्रती लेखी मागाव्यात: मूळ अहवाल, नोटांची यादी, साक्षीदारांची नावे व हुद्दे, त्या पाळीचा कॅश हिशेब, त्या दिवशीचा ड्यूटी चार्ट, आणि आज लागू असलेल्या मॅन्युअलमधले संबंधित परिच्छेद. मागणीची पोच घ्यावी. बचाव सहायकाचे नाव मुदतीत कळवावे. भुसावळ, नागपूर, सोलापूरप्रमाणेच झाशी, इटारसी, सिकंदराबाद, हुबळी, बडोदे येथील मराठी सभासदांनीही अशा प्रकरणांच्या प्रती आपल्या शाखेमार्फत महासंघाच्या मराठी विभागाकडे पाठवाव्यात. पाकिटावर ‘डिकॉय प्रकरण’ असे लिहावे आणि निकाल लागला असल्यास त्याची प्रत जोडावी.